उशाचा दगड

फलज अल-कबाइलच्या आमच्या दोन खोल्यांत
शाळा भरते जेवणाच्या टेबलावर.
मेणकापडाला कंपासच्या टोकानं पडलेलं भोक,
त्यात साखर अडकते, मुंग्या येतात,
आमोस त्या मोजतो. मी मोजू देते.

दोन वर्षं झाली त्याला शाळेतून काढून.
अडखळत बोलतो म्हणून नव्हे, असं मी सांगते.
फी झेपेना म्हणून नव्हे, असं तिर्साचे पपा सांगतात.
प्रार्थनासभेत पारखे काका म्हणाले,
"बरं केलंत, लेकरू जगापासून राखलंत."
आम्ही दोघांनी माना डोलावल्या.
खरं कारण देवाला ठाऊक,
आणि थोडं थोडं आमोसलाही.

मी जालन्याची डी.एड.,
पाठाची टाचणं अजून झोपेत काढते.
पण अपूर्णांक त्याला माझ्याकडून आले नाहीत.
आले ते मागच्या खजुरीच्या बागेत,
म्हातारा खलफान काठीची सावली बघून
पाटाच्या पाण्याची पाळी बदलतो तिथे:
अर्धा तास हमूदचा, पाव तास त्या विधवेचा,
मशिदीचा वाटा सगळ्यांच्या आधी.
"म्हणजे दहावा?" आमोसनं विचारलं,
अरबीत, एकदाही न अडखळता.
घरी येऊन मी त्याला सांगितलं,
आपल्यात गणितातलाही दशांशच
आणि दानपेटीतलाही.
तो खूप वेळ हसत होता.

तिर्साचं निराळं.
पपांनी मिरजेचा फॉर्म मागवून ठेवलाय:
नर्सिंग, मिशनचं आवार, आपली माणसं,
आणि रविवार रविवारीच.
(इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो,
घंटेशिवाय, एसीच्या घरघरीत.)
तिला दगड शिकायचेत. पुण्यात.
"दगड?" पपांनी तीनदा विचारलं.

हिवाळ्यात सगळी मंडळी वादी जिझीला गेलो,
बिर्याणीची पातेली, चटया, एक गिटार.
कड्यात काळपट, गुबगुबीत गोळे
एकावर एक,
पाहुणे गेल्यावर रचून ठेवलेल्या उशांसारखे.
तिर्सा म्हणाली, हा समुद्राचा तळ होता.
लाव्हा पाण्यात उतरला की अशा उशा होतात.
साडेनऊ कोटी वर्षं.
पारखे काकांचा चमचा वाटेत थांबला.
"सहा दिवस, बाळा."
तिनं उत्तर दिलं नाही.
पायाशी पडलेली एक कपची उचलून
ओढणीच्या टोकात बांधली.

रात्री हे म्हणाले,
"हिलाही घरीच शिकवलं असतं तर..."
मी पातेलं घासत होते.
म्हटलं, मग तिला माझ्याएवढंच आलं असतं.
पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.
माझं बोलणं ऐकून
मलाच जरा वेळ भीती वाटत राहिली.

जूनमध्ये बॅग भरली.
यांना कपड्यांत ती कपची सापडली.
"पुण्यात काय दगड कमी आहेत? कशाला हे ओझं?"
"उशाला," ती म्हणाली.

घर सोडून निघालेल्या एका मुलानं
रात्र पडली तिथलाच दगड उशाला घेतला,
आणि त्याला स्वप्नात जिना दिसला,
ही गोष्ट यांनीच तिला शिकवलेली,
रविवारच्या शाळेत, शुक्रवारी,
कापडी फलकावर कागदी देवदूत चिकटवून.
एक देवदूत सारखा खाली पडायचा.
ती उठून तो परत लावायची.

हे काही बोलले नाहीत.
स्वतःचा जुना बनियन आणला,
दगड त्यात गुंडाळला,
बॅगेच्या मधोमध ठेवला, फुटू नये तसा.

आमोसनं काटा धरला.
"ते... तेवीस पूर्णांक चार दशांश."
तेवीसच चालतात.
सगळे बॅगेकडे बघत उभे.
मी सासूबाईंसाठीचा खजुराचा डबा बाहेर काढला.
मिरजेचा फॉर्म मेणकापडाखाली आहे अजून.
भोकातून त्यावर साखर सांडते.