बूट धुताना

पुण्याला समुद्र नाही.
सहकारनगरच्या गच्चीवर बादलीत बूट बुडवले
तर तळाशी चिमूटभर वाळू बसली,
सिसिलीची, करडी.

त्या गावात लाकडाचा संत
कोळ्यांच्या खांद्यांवरून
कमरेइतक्या पाण्यात उतरला.
बँड, फटाके, डोळे पुसणाऱ्या बायका.
मी सवयीने बूट काढले, हात जोडले.
शेजारच्या कोन्चेताने पाव पुढे केला,
वर लिंबू पिळलेली भाजकी तारली.

नको म्हणण्याइतकी भाषा येत नव्हती,
असं मी सांगणार होते घरी.
काटासुद्धा चोखला, हे नाही.

"खाण्याचे हाल झाले असतील ना?"
विमानतळावर बॅग उचलताना ह्यांनी विचारलं.
"झाले थोडे," म्हटलं,
आणि रात्री वरणभातावर
दोन फोडी लिंबू जास्त पिळलं.

आता बादली कलती करते.
गच्चीच्या पाइपातून गटार, मग आंबील ओढा,
मुठा, भीमा, कृष्णा...
मध्ये उजनीला अडकली नाही
तर पोचेल ती वाळू समुद्राला,
दुसऱ्याच.

खालून हाक येते, चहा निवतोय.
बूट उन्हात उलटे टाकलेत.
डाव्यातून अजून
थोडी गळतेय.