मंजूर भार

बिलावर अजून तुमचंच नाव येतं, अण्णा.
शेलार आनंदा बाळकू.
खाली बारीक अक्षरात,
मंजूर भार : एक किलोवॅट.

त्या शब्दाशी मी दरवेळी अडते.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
चौतीस वर्षं पाठीवर जे चढवलंत
ते कुणी मंजूर केलं होतं?

पुढे वहन आकार.
त्याचा अर्थ तुम्हाला सांगायची गरज नाही,
ट्रक ते गाळा, गाळा ते ट्रक.
आणि स्थिर आकार :
दिवा लावा, नका लावू, तो लागतोच.
काम सुटून सहा वर्षं झाली
तरी तुमचे गुडघे मागतात तसा.

कोपरखैरण्यात, आपल्या माथाडी वसाहतीत
जिन्याखाली मीटरांची ओळ,
तिथे रोज सातला टॉर्च घेऊन तुम्ही.
भिंतीवर खडूच्या चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
गोण्या मोजायचात तशी युनिटं.
वीस जुड्या भरल्या की तुमच्यापुरता महिना संपला,
तारीख तेवीस का असेना.

मग पंखा बंद.
ऐन मे महिन्यात दारात पोतं टाकून
मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घेत
"शंभरच्या वर गेलं की सगळंच महाग लागतं, पोरी."
आणि मी, महाप्याच्या ऑफिसात
एसी सोसत नाही म्हणून
दिवसभर स्वेटर घालून बसणारी.

चेंबूरहून सुमनआत्याचा फोन :
आमच्याकडे कंपनी निवडता येते हो,
तुम्ही का नाही बदलत?
इथे एकच दार आहे, आत्या, महावितरणचं.
तुम्ही मागून ओरडलात,
"व्यापारी बदलला म्हणून गोणी हलकी होते काय?"

तशी होते थोडी. भाव बदलतो.
कमी जाळणाऱ्याला एक कंपनी परवडते,
जास्त जाळणाऱ्याला कदाचित दुसरी.
म्हणून विचारलं, आत्या, महिन्याला युनिटं किती?
ते तिला ठाऊक नव्हतं.
तिला फक्त भरायची रक्कम पाठ होती.

त्या रविवारी मी घरातलं सगळं बंद केलं,
एक फ्रिज सोडून.
खाली मीटरचा लाल दिवा
धाप लागल्यासारखा लुकलुकत होता.
दहाची नोट फ्रिजच्या दारात धरून ओढली,
अलगद हातात आली.
रबर गेलेलं, केव्हाचंच.
पंखा बिचारा उगाच शिक्षा भोगत होता.

मग बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
हे पहिले शंभर, अण्णा, यांचा भाव हलत नाही.
वर जे जाईल तेवढ्यालाच वरचा भाव.
एका युनिटात आपला पंखा तेरा तास फिरतो.
महागातलं युनिट धरलं
तरी रात्रभराचा वारा
कोपऱ्यावरच्या कटिंगएवढा.

तुम्ही चष्मा काढलात, पुन्हा घातलात.
"म्हंजी एकशेएकावी गोणी जड.
आधीच्या शंभर हाय तशाच?"
हाय तशाच.
बराच वेळ गप्प.
"मग मुकादमानं सांगितलं का नाही?"

मुकादम कोण, मी विचारलं नाही.

रात्री कधीतरी जाग आली.
दोनवर पंखा, त्याची ती जुनी कुरकुर,
खाली उताणे तुम्ही,
पुठ्ठा छातीवर तसाच धरलेला.

सकाळी कामाला निघताना
जिन्याखाली वाकून पाहिलं :
वीस जुड्या,
आणि त्यांच्यापासून जरा लांब
एकच उभी रेघ,
खडू मोडेस्तोवर दाबून काढलेली.