अनामत

सायन्स कॉलेजमागच्या टिनाच्या खोलीत
बुटांची वही माझ्याकडे होती.
बासष्ट साल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली.
नाव, रोल नंबर, बुटाचा नंबर, अनामत रुपये पाच.
शेवटचा रकाना : परत मिळाले, सही.

हे काम मला, कारण माझे तळपाय सपाट.
डॉक्टरने ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं,
ठशाकडे पाहिलं, म्हणाला, कमान नाही.
तेव्हापासून मी कमानवाल्यांना
बूट मोजून देत होतो.

रायफली नेल्या होत्या, कुठे ते सांगितलं नव्हतं.
सुताराने लाकडाच्या पन्नास करून दिल्या,
खांद्यावर घेतल्या की शर्टाला वार्निश लागायचं.
कामठीहून सायकलने येणारे हवालदार मोहरसिंग
धुक्यात ओरडायचे, बाएं मुड,
आणि अर्धे पोट्टे उजवीकडे.
मुलींच्या खोलीत खाकी लोकर आली होती.
ऑप्टिक्सच्या तासाला सुया चालत.
प्रतिबिंब उलटं पडतं, सर सांगत होते,
आणि कमल आष्टनकर हळूच म्हणाली,
सर, एक टाका सुटला.

लढाई तर महिन्याभरात थांबलीच.
रेडिओने सांगितलं तेव्हा आम्ही तर्री-पोहे खात होतो.
कुणी पुढचा घास घेईना, कुणी प्लेट ठेवेना.
परेड चालूच राहिली.

देवचंद पराते, रोल नंबर एकतीस, बूट नंबर आठ.
घरी चार हातमाग, राहायला गोळीबार चौक.
तुले तं बंदुकीची सवयच आहे बे, आम्ही चिडवायचो.
फेब्रुवारीत मद्रासहून त्याचं बोलावणं आलं.
प्रॅक्टिकल चालू होतं.
ब्युरेट अर्धी भरलेली, तशीच सोडून गेला.
वहीत शेवटचं वाचन : सतरा पूर्णांक चार.

जी.टी. उशिरा आली.
फलाटावर त्याची आई संत्री सोलून देत होती
आणि तो खात होता,
बोलावं लागू नये म्हणून.
गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं,
पायात कॉलेजचे बूट.
रकाना मी रिकामा ठेवला.
ऑडिटवाल्याने लाल शेरा मारला, दोनदा.

सदुसष्टच्या जुलैत तो दारात.
मी तिथेच, आता डेमॉन्स्ट्रेटर.
“काऊन बे,” म्हणाला, “माहे पाच रुपये?”
बगलेत वर्तमानपत्राचं पुडकं.
बुटांना टाचा नव्या, नाड्या कुणाच्या तरी दुसऱ्याच.
वहीला वाळवी लागली होती,
एकतिसावी ओळ शाबूत.
सहीसाठी पेन पुढे केलं तेव्हा पाहिलं,
उजव्या अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती.
“बर्फ,” म्हणाला,
जसं कुणी पोस्टिंगचं गाव सांगावं.
ऑफिस म्हणालं, अनामत बुडाली.
पाच रुपये मी खिशातले दिले,
त्याला ते अजून माहीत नाही.

एम.एस्सी. पुन्हा, पहिल्यापासून.
आजूबाजूची पोरं बासष्टला शाळेत होती.
ब्युरेटची तोटी त्याच्याने फिरेना,
डाव्या हाताने फिरवली की धारच लागे.
मग मोठे सर चहाला गेले की मी फिरवायचो.
तो वाकून, एक डोळा बारीक करून
फ्लास्ककडे बघत राहायचा,
इतका वेळ, की मला वाटे
आता हा श्वास घ्यायचा विसरला.
थेंब. हलव. थेंब.
गुलाबी येई, जाई,
येई, आणि मग जाईना.
“थांब.”

वाचन मी लिहिलं : सतरा पूर्णांक चार.
त्याने वही ओढली,
डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात खोडलं.
“खोटं कायले लिहितं? सहा आहे.
सतरा पूर्णांक सहा.”