चोखणी

घणसोलीत रात्री दोननंतर
रबाळ्याच्या बाजूनं वास येतो,
नेलपॉलिश आणि सडका कोबी ह्यांच्या मधला काहीतरी.
म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो,
आणि बंद खोलीत संघमित्राचं रडणं
भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येतं.

सत्तेचाळीस दिवसांची आहे ती.
तिला अजून एकच अक्षर येतं
आणि तेही तिला पुरत नाही.

काल शेजारच्या भिंतीवर दोनदा टकटक झाली.
शिंत्रेंच्या मुलाची सीईटी आहे.
पलीकडे तो इलेक्ट्रॉन मोजतोय,
अलीकडे आम्ही तास.

मी खाली उतरलो. सेक्टरमधलं एकमेव जागं मेडिकल.
काउंटरवरच्या पोरानं विचारलं,
'झिरो टू सिक्स, का सिक्स प्लस?'
मला वाटलं, नोकरीचा अनुभव विचारतोय.
एकशे ऐंशी रुपये. निळी. मागे गोल कडी,
दाराला असते तशी.

करुणानं डबी बघितली, हातात घेतली नाही.
म्हणाली, भूक लागली की रडते, पोटात वारा धरला की रडते,
दुसरं काय आहे तिच्याकडे सांगायला?
मी म्हणालो, डॉक्टरबाई म्हणाल्या ना, चालेल,
दोरी बांधायची नाही, मधात बुडवायची नाही.
ती म्हणाली, चालेल म्हणाल्या,
द्या म्हणाल्या नाहीत.
ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत
आम्ही साडेतीनपर्यंत बसून होतो.

सकाळी आईला फोन केला, परतूरला.
आई हसली.
'तुला होती की.
पदराच्या टोकाला गुळाचा खडा बांधायचा,
पाण्यात भिजवायचा, तोंडात द्यायचा.
झोळी बाभळीला, आन् मी खडी वाहायला.
मुकादम म्हणायचा, पोरगं रडलं की अर्धा रोज कापीन.'
कुठल्या सेक्टरची खडी, आई?
'सेक्टर कुठं होते तवा. नुसते खुणेचे दगड न् चिखल.'
द्यावी का देऊ नये, असं कुणाला विचारलंस तू?
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली.
'विचारायला माणूस रिकामा लागतो, बाबा.'

म्हणजे पहिल्या वर्षी मी जेवढा गप्प बसलो
त्याचे अर्धे अर्धे रोज साठून
हे घर झालं, असं म्हणता आलं असतं.
तसं नाही. घर सिडकोच्या सोडतीत लागलं,
त्याचे हप्ते अजून चालू आहेत.
पण मागच्या वर्षी दाढ भरताना
दातांच्या डॉक्टरनं विचारलं होतं,
लहानपणी गोड फार खायचात का?
मी नाही म्हणालो होतो.

आज पुन्हा वास, पुन्हा खिडक्या.
करुणा झोपली आहे, भिंतीकडे तोंड करून.
मी चोखणी उकळली, पाच मिनिटं, अंडं उकळतात तशी,
निवू दिली, आणि पोरीला उचललं.
तिची हनुवटी थरथरायला लागली होती.
मी चोखणी ओठांना लावली.
तिनं घेतली. तीन-चार वेळा ओढून बघितली,
कपाळाला आठ्या घालून,
बाजारात एखादी बाई लिंबू दाबून बघते तशी,
आणि जिभेनं बाहेर ढकलली.

मग रडली, सावकाश, पहिल्यापासून.
शिंत्रेंची भिंत गप्प होती.
मी तिला खांद्यावर घेतलं,
खिडकीची एक काच सरकवली, वास तर वास,
आणि खालून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरला
तिचं म्हणणं थोडं ऐकू जाऊ दिलं.

चोखणी फ्रीजवर आहे, वाटीखाली झाकलेली.
सोमवारपासून करुणा लॅबमध्ये परत जाते,
कंत्राटी माणसाला रजा एवढीच.
म्हणून टाकलेली नाही.