काडीमोड

एकशे चार मिनिटांचा सिनेमा, आणि शेवट सात.
संगणकावर ओळीनं मांडून ठेवलेत:
शेवट. शेवट नवा. शेवट नक्की.
शेवट नक्की दोन. निबियाला आवडलेला शेवट.
निबियाला आता न आवडणारा तोच शेवट.
सातव्याला मी नाव दिलेलं नाही.

निबिया दिग्दर्शक, मी संकलक.
माँटेव्हिडिओत या कामाचे फारसे पैसे मिळत नाहीत,
मागच्या अंगाची एक खोली तेवढी मिळते.
ती येते बगलेत थर्मास, हातात मातेचा तुंबा घेऊन,
खुर्ची असून बसत नाही,
दाराला टेकते. अर्धी आत, अर्धी बाहेर.
"परत लाव."
परत लावते.

ओविदियो लिफ्ट दुरुस्त करतो.
सुल्मा कवळ्या घडवते; लोकांचं हसू
तिच्या टेबलावर सुकत पडलेलं असतं.
पहिल्याच भेटीत ती म्हणते,
आधी वेगळे होऊन घेऊ या का,
म्हणजे ते एक काम उरकेल?
तो म्हणतो, बरं.
बेकरीच्या टेबलावर कागदी पुडीत पावाच्या काड्या,
सडपातळ, करकरीत.
एक टोक तिच्या चिमटीत, एक त्याच्या.
कट्.
झालं. आता कॉफी.

मग दर गुरुवारी. अकरा वर्षं.
मोडायची, अर्धी अर्धी खायची,
आणि पुढच्या गुरुवारपर्यंत
कुणी कुणाचं नसल्यासारखं एकमेकांकडे राहायचं.
त्याच्या घरी तिचा टूथब्रश नाही.
तो तिच्या पर्समध्ये असतो.
पर्स त्याच्या घरी असते.

इथे लोक हसतील, निबिया म्हणते.
हसायला मी थोडी जागा सोडली आहे.

सुल्माची मावशी करवादते:
धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय,
असलं जनावर अकरा वर्षं कोण पाळतं गं?

एकदा ओविदियो अडकतो, चौथ्या-पाचव्याच्या मध्ये,
स्वतःच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये.
फोनमध्ये तिचं नाव 'गुरुवार' म्हणून आहे.
आज सोमवार.
तो फोन खिशात ठेवतो आणि खाली बसतो.

मग तो जुलै. भिंतींना पाणी सुटलेलं,
मीठ दगड झालेलं, आणि काडी
मोडेना.
वाकली नुसती. दुसरी घेतली, तीही वाकली.
पुडी संपली.
बेकरीवाला म्हणाला, हवाच अशी आहे, मी काय करू?
"आता?" सुल्मानं विचारलं.
इथून पुढे सात वाटा फुटतात.

एकात लग्न आहे. ते निबियानं स्वतः चित्रित केलं
आणि स्वतःच तीनदा कापायला लावलं.
एकात तो बोटीत बसून पलीकडे जातो.
खिडकीतून ते पाणी इथेही दिसतं,
नकाशात नदी, आमच्या तोंडी समुद्र.
दोन्ही नावांना ओ देतं,
सही मात्र कुठेच करत नाही.

उद्या प्रत पाठवायची आहे. निबिया म्हणाली,
"ग्रिसेल, तूच ठरव."
नऊ वर्षांत असं ती कधीच म्हणाली नव्हती.
मी बिननावाचा लावला:

बेकरी बंद व्हायची वेळ. वाकलेली काडी
दोघांनी दोन टोकांना धरलेली;
आधी सोडणं बरं दिसत नाही म्हणून कुणी सोडत नाही.
फरशी पुसणारा मुलगा येतो, म्हणतो, पाय.
चारही पाय एकदम वर उचलले जातात.
अंधार.

"एवढंच?"
"एवढंच."
खुर्ची कुरकुरली. मी वळून पाहिलं नाही.
"आणि फाईलचं नाव?" मी विचारलं.
"तूर्तास," ती म्हणाली. मी तूर्तास लिहिलं.

ती गेल्यावर दिवा मालवायला उठले तर
टेबलावर थर्मास.
या शहरात माणूस एकवेळ छत्री विसरेल, मूल विसरेल.
हलवून पाहिला.
निम्मा भरलेला, अजून गरम.