दोन्ही पाय टेकेपर्यंत

खडकीचं सिमेंटचं कोर्ट, मे महिना, संध्याकाळचे सहा.
एका रिंगला जाळी नाही,
त्यामुळे बास्केट झालं की नाही
हेही कधी कधी पंचालाच ठरवावं लागतं.

शेवटचे अकरा सेकंद. एक गुण मागे.
केतकी धुमाळ डावीकडून आत शिरली,
चेंडू दोन्ही हातांत, बरगडीशी,
आणि इनामदारांच्या आलियाचा हात
तिच्या मनगटावर. चट्.
शिट्टी वाजवली. ते सोपं होतं.

चेंडू वर निघाला होता का?
निघाला असेल तर दोन फ्री थ्रो.
नसेल तर रेषेबाहेरून आत द्यायचा, बस्स,
टीमचा हा तिसराच फाउल.
पुस्तकात याला जेमतेम दोन ओळी आहेत.
एकवीस वर्षं मी त्या वाचतोय.

भोंडवे सर ओरडले, "पास देत होती ती!"
टिळेकर वहिनी स्कोअरशीटवर पेन टेकवून
माझ्या बोटांकडे बघत थांबल्या.
कठड्यावरच्या काकांनी तोवर मोबाईलवर कलम काढलं,
मोठ्यानं वाचायलाही लागले,
उपकलमासकट.

मी कोपर बघितलं होतं.
नजर हूल देते, खांदा हूल देतो,
कोपराला अजून ते शिकवलेलं नसतं.
उतू जाण्याआधी दूध
पातेल्याच्या कडेला जेवढं चढतं
तेवढं चढलं होतं ते.
दोन बोटं वर केली.

पहिला थ्रो रिंगला लागून
थेट भोंडवे सरांच्या पाण्याच्या बाटलीवर.
दुसरा बिनजाळीच्या रिंगमधून आवाज न करता गेला
आणि सगळं मैदान माझ्याकडे वळलं.
गेला, मी म्हटलं. गेला.

जादा पाच मिनिटांत केतकीची टीम हरली, चार गुणांनी.
आलिया तिला जाऊन काहीतरी म्हणाली,
दोघी हसल्या. मला कुणी चहा विचारला नाही.

सुनीती, माझी थोरली बहीण,
अठ्ठ्याऐंशी साली विद्यापीठाच्या निवडीला निघाली होती.
बुटाची नाडी बांधत होती, इतक्यात
अण्णांनी सायकलची किल्ली खिशात टाकली.
बोलले काहीच नाहीत.
चेंडू अजून खालीच होता.
पुस्तकाप्रमाणे साइड थ्रो.
तिनं तो घेतला, खेळली, बँकेतून आता रिटायर होईल.
माझ्या पंचाच्या शर्टाला इस्त्री करून देते
आणि रात्री विचारते, आज किती दिलेस?

शूटिंग सुरू कधी होतं यावर सगळे भांडतात.
संपतं कधी, ते कुणी विचारत नाही.
उडालेला खेळाडू
दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत शूटरच असतो,
चेंडू कधीच हातातून सुटलेला असला तरी.

होळकर पुलाचा सिग्नल, लाल, एकोणनव्वद सेकंद.
स्कूटर बंद केली आहे.
डावा पाय खाली टेकलाय,
उजवा ब्रेकवर.