दीडपर्यंत मोजणं

तीन भाग पिस्को, एक लिंबू, एक पाक.
हे मापानं मी कधी घातलं नाही.
एकतीस वर्षं हॉटेलच्या बारमागे
माझा डावा हात पाकाची बाटली कलती करायचा,
मनात चार आकडे म्हणायचा
आणि चारला थांबायचा.
झोपेतसुद्धा थांबला असता.

जुलैत सोराइदाच्या बोटाला सुई टोचून
दवाखान्यातल्या पोरीनं एक आकडा काढला.
तो चारपेक्षा बराच मोठा होता.
गोड बंद, म्हणाली.
सोराइदानं अंगठा ओठांकडे नेला: "आणि हे?"
पोरगी हसली.
"शनिवारी एक. लहान पेला. पण पाक आवरा."

पाक आवरा!
जसं काही ते दार उघडं दिसलं की पळणारं कुत्रं आहे.

खरं सांगायचं तर आमचा शनिवार
कधी आमचा नव्हताच.
ती इथे बार्रांकोत, खिडकीशी, उसवलेले गणवेश शिवत;
मी तिकडे परक्या बायकांपुढे पेले सरकवत,
"आवडलं का?" विचारत.
आता शनिवार हाती आला, तर हा असा.

पहिल्या खेपेला पाक घातलाच नाही.
तिनं घोट घेतला, एक डोळा मिटला.
"फेर्मीन, पितळेची भांडी काढू का घासायला?"

दुसऱ्या खेपेला डबीतल्या त्या बारीक गोळ्या.
गोडी आली, पण नको त्या पाहुण्यासारखी,
उशिरा आली आणि उठायचं नाव घेईना.
रात्री अकरापर्यंत जिभेवर बसून होती,
गेली तेव्हा पत्र्याची चव ठेवून गेली.

मग आबेलार्दोला फोन लावला.
एका कानानं बहिरा, दुसऱ्यानं हट्टी.
दोनदा ओरडून सांगितलं, तेव्हा म्हणाला,
"जिभेला काय विचारतोस, नाकाला विचार.
इतालिया द्राक्षाचा पिस्को घे,
बाटली उघडली की फुलवाली दारात आल्यासारखी वाटते तो.
पाण्यात दालचिनी उकळ. आणि मीठ."
"मीठ?"
"चिमूट नाही रे. चिमटी झटकल्यावर
बोटांना चिकटून राहतं, तेवढं."

आज बाहेर आभाळ गाढवाच्या पोटासारखं.
पाऊस नाही, नुसता ओलावा लोंबतोय
दोरीवरच्या माझ्या सदऱ्याला धरून.
अंडं फोडलं. पांढरं इकडे, बलक वाटीत.
लिंबं पिळली, हळूच, साल कडवट बोलू नये म्हणून.
मग पाक.
डावा हात निघाला आपल्या वाटेनं, एक, दो...
उजव्यानं मनगट धरलं त्याचं,
रस्ता ओलांडताना म्हाताऱ्याचं धरावं तसं.

दीड मोजणं सोपं नसतं.
एक म्हणायचं,
आणि दोन म्हणायला तोंड उघडलं की
तिथेच थांबायचं.

आधी बर्फाशिवाय हलवलं, मग बर्फ घालून,
पंजे बधिर होईपर्यंत.
फेस वर आला, जाड, शहाणा.
त्यावर कडू अर्काचे तीन थेंब.
चौथा पडला, हात म्हातारा झालाय.

ती स्टुलावर बसून प्यायली. घाई नाही.
वरच्या ओठावर पांढरी रेघ.
"गोड आहे," म्हणाली.
मी पेला घेऊन चाखला.
गोड नव्हता.
लिंबू होतं, दालचिनी होती, फुलवाली होती,
आणि फार मागे, कुणी हाक मारल्यासारखी,
दीड आकड्याची साखर.

"आवडलं का?" मी विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
उत्तरासाठी थांबलो.

"शिवण घेतली की सांगते," म्हणाली,
आणि पेला परत मागितला.
वाटीत बलक तसाच, आमच्याकडे बघत.
पूर्वी त्याचं ती दुधातलं गोड करायची.
त्याचं काय करायचं, ते उद्या.